दरवाजा कोणी उघडायचा?

नाशिकमधल्या एका तरुण अभियंत्याने प्रश्न विचारला आहे. गर्दी मोजणारी संगणकप्रणाली तयार करणाऱ्या कंपनीत तो नोकरीला आहे आणि सिंहस्थ तोंडावर आलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हल्ली कुठलंही मोठं काम हजार हातांनी होतं, निम्मे निर्णय यंत्रच घेतं. अशात अनर्थ झाला तर जबाबदार कोणाला धरायचं? कोणालाच धरता येत नसेल तर हे नव्या काळातलं दैवच म्हणायचं का? आणि तसं असेल तर मी या कामात राहावं का?

तत्त्वज्ञान मी शिकलेलो नाही. जलसंपदा खात्यात धरणांवर नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं धरण सुरक्षिततेच्या कामात गेली. त्या कामाला नाशिकसारखं दुसरं गाव नाही. ‘मेरी’ ही राज्याची अभियांत्रिकी संशोधन संस्था इथे, धरण सुरक्षितता संघटना इथे, धरणांची संकल्पचित्रं करणारी संघटनाही इथेच. त्यामुळे उत्तर धरणाच्या माथ्यावर उभा राहून देतो. तिसरा प्रश्न शेवटी घेतो, पहिल्या दोघांना जागा जास्त लागेल.

आधी दैव. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. अस्पृश्यतेला रवींद्रनाथांचाही विरोध होता, पण हा युक्तिवाद काही त्यांना पटला नाही. त्यांनी जाहीर आक्षेप घेतला आणि गांधीजींनी तो ‘हरिजन’मध्ये छापलाही. या वादात मी रवींद्रनाथांच्या बाजूचा. जमिनीच्या पोटातल्या खडकाला आपलं पापपुण्य कळत नाही. पण स्थापत्य अभियंता म्हणून माझी नजर तिसरीकडेच जाते, पडलेल्या घरांकडे. १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपानंतर रूसोने व्हॉल्टेअरला पत्रात हेच सुनावलं होतं, की सहा-सहा, सात-सात मजल्यांची वीस हजार घरं तिथे निसर्गाने रचली नव्हती.

किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जाड दगडमातीच्या भिंती आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. आता ‘घरं त्यांनीच तशी बांधली होती’ असं म्हणून हात झटकता येतील का? मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती घरं गार राहायची, दगडमाती शिवारातच मिळायची, आणि भूकंपाच्या तेव्हाच्या नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. शेतकऱ्याने काय वेगळं करायचं होतं? कळून घेण्याची साधनं ज्याच्या हातात जास्त, त्याच्या वाट्याला जबाबदारी जास्त. शिक्षण, खुर्ची आणि उपकरणं एकीकडे, आणि दोष मात्र मेलेल्याकडे, ही वाटणी मला मान्य नाही.

कोयनेला तर भूकंपातच आपला हात निघाला. ११ डिसेंबर १९६७ चा तो धक्का जलाशयात साठलेल्या पाण्यामुळे चाळवला गेला, असं उदाहरण म्हणून आज जगभर शिकवतात. अस्मानी कुठे संपते आणि सुलतानी कुठून सुरू होते, ती रेघ आम्ही धरणवाल्यांनीच पुसली म्हणा ना.

पानशेत मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. मातीचं धरण, विमोचकाचं, म्हणजे पाणी बाहेर सोडायच्या वाटेचं, काम अपुरं, आणि त्याच पावसाळ्यात पाणी अडवलेलं. विमोचकावरचा भराव खचू लागला, जवानांनी रात्रभर वाळूच्या गोण्या रचून माथा कसाबसा राखला आणि १२ जुलै १९६१ च्या सकाळी धरण गेलं. मग खालचं खडकवासलाही फुटलं आणि पुण्यात पाणी शिरलं. अशा घटनेनंतर लोक एक नाव मागतात. ते मागणं गैर नाही. पण माझा प्रश्न फुटण्याच्या रात्रीचा नाहीच, त्याच्या आधीच्या मे महिन्याचा आहे. ‘यंदा पाणी अडवायचं नाही’ असं म्हणण्याचा अधिकार तेव्हा नेमका कोणाच्या हातात होता? आणि त्याने तसं म्हटलं असतं तर त्याचं काय झालं असतं?

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी या दोन ओळींतच शोधतो. ज्याला काम थांबवता येतं तो जबाबदार. ज्याला थांबवता येत नाही, फक्त सही करता येते, त्याला अपघातानंतर धरलं तर तो बळीचा बकरा. आपल्याकडच्या चौकश्यांमध्ये हे दोघे फार वेळा एकमेकांच्या जागी उभे केलेले असतात.

एक गोष्ट जरा जवळून दाखवतो. मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतंच, न झिरपणारं मातीचं धरण मी पाहिलेलं नाही. पायथ्याच्या चरात व्ही-नॉच, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असलेली पट्टी, बसवलेला असतो. खाचेवरून पाणी किती उंचीने पडतंय ते बघून झिरप्याचं माप वहीत नोंदवायचं. जाणता चौकीदार मात्र माप घेऊन थांबत नाही. तो काचेची बाटली भरून घेतो, रात्रभर चौकीच्या खिडकीत ठेवतो आणि सकाळी उजेडात धरून तळाशी गाळ बसलाय का ते बघतो. झिरपा वाढला पण पाणी नितळ आहे, तर विचार करायला थोडा वेळ मिळतो. झिरपा तेवढाच, पण पाणी गढूळ, म्हणजे भरावातली माती आतल्या आत वाहून चालली आहे. तेव्हा मध्यरात्र असो की दिवाळी, साहेबांना उठवायचं. आता गढूळपणा मोजणारी उपकरणं आली, आतल्या पाण्याचा दाब सांगणारे पिझोमीटर आहेत, आकडे थेट कार्यालयातल्या पडद्यावर येतात. चांगलंच आहे, उपकरणाला झोप येत नाही. पण साहेबांना उठवायची हिंमत उपकरणासोबत येत नाही. शाखा अभियंत्याला झोपेतून उठवल्याबद्दल चौकीदाराने एकदा बोलणी खाल्ली, की पुढच्या वेळी तो सकाळपर्यंत थांबतो. वहीत शेरा पडतो, ‘नेहमीप्रमाणे’. काही वर्षांनी हा शेराच धरणाची प्रकृती होऊन बसतो आणि बाटली कोणी भरेनासं होतं.

२ जुलै २०१९ ला चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी दोष दिला खेकड्यांना, आणि राज्यभर हसू झालं. खेकडे भरावात बिळं करतात हे खरंच आहे हो. पावसाळ्यापूर्वीची आणि नंतरची तपासणी त्यासाठीच तर असते! खेकड्याला नोटीस काढता येत नाही, एवढाच त्याचा फायदा.

हे फक्त आपल्याकडचं म्हणून सोडून देता येत नाही. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री अमेरिकेत चॅलेंजर यानाच्या उड्डाणावर दूरध्वनीवरून बैठक चालली होती. एवढ्या थंडीत बूस्टरच्या सांध्यातली रबरी ओ-रिंग ताठरेल, उद्या उडवू नका, असं बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते सांगत होते. त्यांच्याजवळचे आकडे तुटपुंजे होते. एरवी उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करावं लागायचं. त्या रात्री उलटं झालं, ते असुरक्षित आहे हे सिद्ध करा म्हणून त्यांनाच सांगितल्यासारखं झालं. ते सिद्ध करू शकले नाहीत. दुसऱ्या दिवशी सात अंतराळवीर गेले. यंत्रयुगातल्या जबाबदारीवर मला एकच बैठक शिकवायची असेल तर मी हीच शिकवीन. शंका घेणाऱ्यालाच पुरावा मागायचा असं एकदा ठरलं, की पुढचं बरंचसं आपोआप घडतं.

आता नाशिकच्या वरचं, गोदावरीवरचं गंगापूर. साडेपाच टीएमसीच्या आसपासचं धरण, खाली आपलं शहर, त्याच्याही खाली नांदूरमधमेश्वर आणि मग जायकवाडी. जलाशय परिचलन सूची सांगते की कोणत्या तारखेला पातळी किती ठेवायची. कागदावर ती फार शहाणी दिसते. ऑगस्टमध्ये धरण भरत आलेलं असतं आणि त्र्यंबककडे मुसळधार लागतो. आवक तासागणिक वाढत असते. दरवाजे आत्ता उघडले आणि पाऊस थांबला, तर सोडलेलं पाणी परत येत नाही. मग उन्हाळ्यात शहर, शेतकरी आणि एमआयडीसी तिघांचीही बोंब. थांबलो आणि पाऊस वाढला, तर एकदम मोठा विसर्ग सोडावा लागतो आणि गोदाकाठच्या टपऱ्यांपासून सराफ बाजारापर्यंत पाणी. रामकुंडावर गाड्या लावून दर्शनाला गेलेले भाविक असतात, टपरीवाल्याला सामान हलवायला वेळ लागतो, आणि नदी बघायला येणारी गर्दी तर भोंगा वाजला की वाढतेच. नाशिककर पूर क्युसेकमध्ये मोजत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी, छातीला पाणी, गळ्याला पाणी, हे त्याचं माप. आणि मला विचाराल तर अख्ख्या राज्यात इतकी चांगली पूरपट्टी दुसरी नाही, शेंबड्या पोरालाही वाचता येते.

त्यात शहरातल्या होळकर पुलाखालचा विसर्ग पुष्कळदा गंगापूरने सोडलेल्या पाण्याहून जास्त भरतो. मधले नाले आणि शहरातल्या पावसाळी गटारी नदीतच येतात. अंगण, गल्ली, वाहनतळ, सगळीकडे काँक्रीट किंवा पेव्हर, पडलेल्या पावसाला जिरायला जागाच नाही. शिव्या सगळ्या धरणाला. पूररेषा आखलेल्या आहेत. निळी रेषा सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. फ्लॅट घेताना वास्तू बघणारे भरपूर भेटले, निळी रेषा कुठून जाते हे विचारणारे हाताच्या बोटांवर. हजार हातांत हेही हात धरा.

हान्स योनास या जर्मन तत्त्वज्ञाने १९७९ साली मांडलं की आपल्या कृतीची पोच आपल्या अंदाजाच्या पलीकडे गेली आहे, तेव्हा दोन भाकितं समोर असतील तर वाईट भाकिताला जास्त वजन द्या. अणुबॉम्ब किंवा हवामान, जिथे एकदा बिघडलं की परत फिरणं नाही, तिथे मला हे पूर्ण मान्य. पण दरवाज्याच्या बटणापाशी उभा राहिलेला माणूस याने सुटत नाही. त्याच्यापुढे वाईट भाकितंच दोन असतात, एक पुराचं आणि एक टंचाईचं. दर वेळी पुराला वजन दिलं तर धरण अर्धं राहतं आणि मे महिन्यात टँकर फिरतात, खालच्या जायकवाडीवाल्यांशी भांडण होतं ते वेगळंच. तिथेही माणसंच असतात.

यावर आम्ही जे करायचो ते साधं आहे. लवकर सुरू करायचं, थोडं थोडं सोडायचं, सांगून सोडायचं. पहिला विसर्ग लहान ठेवला की पाऊस थांबल्यावर दरवाजा खाली घेता येतो, नुकसान थोडं. परत फिरवता येणारा निर्णय हाताशी असताना तो टाळत बसलं, की शेवटी न फिरणाराच घ्यावा लागतो. आणि प्रत्येक बदल वेळेसकट आणि नावासकट वहीत.

आता यातली गोम. ज्याने वेळेआधी पाणी सोडलं आणि पाऊस थांबला, त्याच्यावर पाणी वाया घालवल्याचा ठपका येतो. ज्याने धोका पत्करून धरण काठोकाठ भरलं आणि नशिबाने पाऊस ओसरला, त्याचं जलपूजनाला कौतुक होतं. असं दोन-तीन पावसाळे चाललं की त्या खुर्चीवर बसणारा काय शिकेल? त्याच्या नीतिमत्तेवर कितीही व्याख्यानं ठेवा. पूर आला नाही तेव्हा सावध माणसाशी तुम्ही कसे वागलात, तिथे पुढचा पूर ठरतो.

तुमचा हजार हातांचा मुद्दा भोपाळला सगळ्यात उघडा पडला. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटला, तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. वायू शोषणारा स्क्रबर चालू स्थितीत नव्हता. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याच्या नळीचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. पाण्याचे फवारे हवे त्या उंचीला पोचेनात. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर कारखान्यात रोज घडते तशी. सगळ्या मिळून हजारो माणसं गेली. आणि २०१० च्या जूनमध्ये, म्हणजे पाव शतकानंतर, सात अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली, जामीनही त्याच दिवशी मिळाला. दोष खरोखरच हजार ठिकाणी वाटला गेला की प्रत्येकाच्या वाट्याला इतकंच येतं.

कायद्याने यावर एक वाट काढली, आणि ती भारतातच निघाली. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत ओलियम वायूची गळती झाली. त्या प्रकरणात डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की घातक धंदा करणाऱ्याने चूक कोणाची यावर वाद घालत बसायचं नाही. त्या धंद्यातून इजा झाली की भरपाई द्यायची, आणि दैवी प्रकोपाची सबबही चालणार नाही. दैव म्हणायचं का, हा तुमचा प्रश्न निदान घातक उद्योगांपुरता न्यायालयाने असा निकाली काढला आहे. मला हा निकाल फार आवडतो, पण त्याची ताकद अपघातानंतर सुरू होते. पैसे मिळतात. मध्यरात्री व्हॉल्व्ह कोणी बंद करायचा, हे त्यात नाही.

नाशिकला हे २१ एप्रिल २०२१ ला कळलं. करोनाची दुसरी लाट, पालिकेच्या झाकिर हुसेन रुग्णालयातली ऑक्सिजनची टाकी गळू लागली, आवारात पांढरे ढग पसरले, आत दाब उतरला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. त्या वेळी त्या इमारतीत राबणारी माणसं आपल्या वाट्याहून जास्तच काम करत होती. त्यांच्याकडे बोट दाखवणं मला जमणार नाही. मी अभियंता म्हणून एकाच गोष्टीपाशी अडतो. मुख्य नळीचा दाब पडतो आणि दुसरीकडचा ऑक्सिजन खाटेपर्यंत पोचतो, यांच्यामध्ये काही मिनिटं असतात. ही मिनिटं कोणाची? आपल्या कुठल्याही रुग्णालयात, धरणावर, कारखान्यात जाऊन विचारा. टाकीला कंत्राटदार असतो, खाटेला डॉक्टर असतो, मधल्या मिनिटांना बहुतेक ठिकाणी धनी नसतो.

तुमच्या कामात ती मिनिटं फारच थोडी आहेत. २७ ऑगस्ट २००३ ला इथे कुंभात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले, तेव्हा गर्दी मोजायला पोलिसांचे डोळेच होते. २९ जानेवारी २०२५ ला प्रयागराजला कॅमेरे होते, गर्दी ओळखणारी संगणकप्रणाली होती, तरी सरकारी आकड्यानुसार ३० जण गेले. यावरून यंत्र कुचकामी, असं मी म्हणणार नाही. यंत्राने काय बघितलं आणि त्यावर माणसाने काय केलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत एवढंच. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसांच्या वर गेलं की गर्दी पुराच्या पाण्यासारखी वागू लागते, एकट्याच्या पायावर काही राहत नाही. म्हणजे लाल दिवा त्याच्या बराच आधी लागला पाहिजे. किती आधी? तो आकडा यंत्राने ठरवलेला नाही, तुमच्यापैकी कोणीतरी टंकलेला आहे. कमी ठेवला तर दिवसभर खोटे इशारे, पोलीस वैतागून पडद्याकडे बघणं सोडतील. जास्त ठेवला तर उशीर. आमच्या दरवाज्याचाच पेच आहे हा, फक्त तासांच्या जागी मिनिटं. यंत्र निर्णय घेतं हे मला म्हणून अर्धंच पटतं. निर्णय आधीच, एका वातानुकूलित खोलीत, एका आकड्यात घेऊन ठेवलेला असतो, आणि तो घेणारा त्या दिवशी घाटावर नसतो.

आता तिसरा प्रश्न, राहावं का. मी तुमच्या जागी असतो तर लगेच सोडलं नसतं. आधी तो आकडा कोणाच्या सहीने ठरला ते लेखी मागितलं असतं. लाल दिवा लागल्यावर रस्ता अडवायचा अधिकार नियंत्रण कक्षात बसलेल्याला आहे, की त्याने साहेबांना, साहेबांनी वरच्या साहेबांना विचारायचं, हे पाहिलं असतं. फोनच्या तीन पायऱ्या असतील तर प्रणाली कितीही अचूक असो, मी तिला अपुरी म्हणेन आणि तसं टिपणीत लिहीन. खोट्या इशाऱ्याबद्दल कोणाला झापणार नाही, हे पोलिसांसोबतच्या बैठकीतच ठरवून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही. एक सराव असा घ्या ज्यात तुमचा सर्व्हर मुद्दाम बंद ठेवलाय आणि घाटावरच्या हवालदाराला शिट्टी आणि डोळ्यांवर काम करायचंय. तुमच्या वरिष्ठांना तो सराव आवडणार नाही, कारण तेवढा वेळ तुमचं उत्पादन दिसणार नाही.

हे सगळं विचारल्यावर ‘हे तुमचं काम नाही’ असं उत्तर आलं, आणि दुसऱ्यांदा, लेखी विचारल्यावरही तेच आलं, तर मग सोडा. सोडताना आपली टिपणी तारखेसकट कार्यालयाच्या नस्तीत राहील एवढं बघा. पुढे चौकशी बसलीच तर तुमच्या जागी आलेल्या पोराला ती उपयोगी पडेल.